धुराची टाकी आणि चालणारी रेघ

आमच्या सातारा-कराड भागात औषध चरचरलं नाही तर ते लागू पडतंय यावर कुणाचा विश्वास बसत नाही. टाचेला भेग पडली की दिव्यावर बिब्बा धरून त्याचं तेल भेगेत सोडायचं. तान्ह्या पोराचं पोट फुगलं की बेंबीभोवती बिब्ब्याचेच ठिपके. बैल लंगडायला लागला की तापलेल्या सळईचा डाग. आणि ज्या डॉक्टरनं सुई न टोचता नुसती गोळी लिहून दिली, त्याच्या हाताला गुण नाही, हे दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरून जातं.

त्यामुळे त्वचेच्या दवाखान्यांत थंडीचा चटका आला तेव्हा त्याला मान मिळायला वेळ लागला नाही. चामखीळ असो की मस, डॉक्टर एक छोटी झारीसारखी टाकी उचलतात, नळीतून फुस्सकन पांढरा धूर सुटतो, कातडी क्षणात पांढरीफटक पडते आणि पेशंट दात आवळून घेतो. लोक त्याला ‘गॅस मारला’ म्हणतात. दिसायला हवं तेवढं दिसतं, दुखायला हवं तेवढं दुखतं, शिवाय दुसऱ्या दिवशी टरारून फोड येतो. आणखी काय पाहिजे?

मला मात्र हा धूर दवाखान्यात पहिल्यांदा दिसला नाही. तो मी गोठ्यात पाहिला. आमचे तात्या, म्हणजे वडील, पशुधन पर्यवेक्षक होते. कागदावर पर्यवेक्षक, गावं त्यांना डॉक्टरच म्हणायची. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ साली बाएफ ही संस्था सुरू केली आणि पुढे संकरित गाईंचं वारं कृष्णाकाठी आलं. तात्यांची सगळी नोकरी त्या वाऱ्यातच पार पडली. गाय माजावर आल्याचा निरोप आला की ते मोटरसायकलला अॅल्युमिनियमचा बुटका कॅन बांधून निघायचे. कॅनचं बूच काढलं की आतून धूर वर यायचा आणि तोंडावरून खाली सांडायचा. आम्हा पोरांना तो जादूचा वाटे. तात्या हात लावू देत नसत. एकदा मात्र जास्वंदीचं फूल चिमट्यात धरून आत बुडवून दाखवलं आणि फरशीवर टाकलं. काचेसारखे तुकडे झाले. मग लगेच, ‘तुझं बोट गेलं तर असंच,’ हेही सांगून झालं.

कॅनमध्ये असायचा द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा. त्यात वळूच्या वीर्याच्या बारीक कांड्या बुडवलेल्या. तात्या चिमट्यानं एक कांडी काढून ३७ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायचे. कित्येक वर्षांपूर्वी मेलेल्या वळूचं बीज त्या अर्ध्या मिनिटात वळवळायला लागायचं. नऊ महिन्यांनी त्याचं वासरू गोठ्यात उभं राहायचं.

म्हणजे तीच थंडी, तोच नायट्रोजन. एकीकडे चामखीळ मारतो आणि दुसरीकडे शुक्रजंतू वर्षानुवर्षं जिवंत ठेवतो. हे कोडं मला बरीच वर्षं पडलं होतं आणि तात्यांना विचारलं की ते ‘त्यात औषध असतं’ एवढंच सांगायचे. ते औषध म्हणजे ग्लिसरॉल. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या तिघांना त्याचा गुण जवळजवळ चुकूनच सापडला. साखरेच्या द्रावणात कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवून पाहत होते, जमत नव्हतं. एका खेपेला अचानक जमलं. बाटली तपासली तर आत साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

पेशी मरते ती आत बर्फाचे स्फटिक झाले म्हणून. झपाट्यानं गोठवलं आणि सावकाश वितळू दिलं तर स्फटिक पेशीच्या आतच होतात, वितळताना आणखी मोठे होतात आणि पेशीची चाळण करतात. बाहेरचं पाणी आधी गोठलं तर आत उरलेल्या पाण्यात क्षार इतके दाट होतात की पेशी त्यानंही मरते. भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्याही बंद पडतात. ग्लिसरॉल घातलं, गोठवण्याचा वेग सांभाळला आणि वितळवताना घाई केली की यातलं बरंचसं टळतं. त्वचेचा डॉक्टर मुद्दाम उलटं करतो. झटक्यात गोठवायचं, आपोआप वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. थंडी किती, यापेक्षा ती कशी आली आणि कशी गेली याला महत्त्व आहे. प्रयोगशाळांत तर परजीवीसुद्धा याच नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात, पुढच्या अभ्यासासाठी.

परजीवींचा विषय आमच्या घरात दोनदा आला. पहिल्यांदा आला तो माझ्या चुलतभावाच्या गालावर बसून.

दादा फौजेत होता. सातारा जिल्ह्यात हे काही नवल नाही. अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. त्याचं पोस्टिंग बिकानेरकडे होतं. रजेवर आला तेव्हा गालावर एक लालसर गाठ होती, मध्ये खपली, कडा उचललेल्या. दुखत नव्हती. काकूनं मिरी उगाळून लावली, कुणी हळद-चुना सांगितला. गाठ जागची हलली नाही आणि महिने गेले तरी भरलीही नाही. पुढे लष्करी इस्पितळात कडेची जरा खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि निदान झालं: त्वचेचा लीशमानिया. बिहारकडच्या काळ्या आजाराच्या परजीवीचाच हा भाऊबंद. वाळूमाशी चावते, तीही आवाज न करता. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असते. चावल्यानंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी गाठ दिसते. आपल्याकडे हा आजार मुख्यतः थरच्या वाळवंटात, बिकानेरच्या बाजूला आहे. हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात आणि केरळातही सापडला आहे. पूर्वी उत्तरेत याला दिल्लीचा फोड म्हणत. कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरनं १८८५ साली कलकत्त्यात अशाच फोडाच्या पेशींत बारीक कण पाहून ठेवले होते. लीशमन आणि डोनोव्हन यांची नावं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९०३ मध्ये, या परजीवीला चिकटली.

दादाच्या गालावर नायट्रोजन मारला आणि गाठीच्या कडेत अँटिमनीच्या औषधाची इंजेक्शनं दिली. काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत लहान आणि थोड्या गाठींसाठी हा उपचार आहेच. एकटी थंडी किंवा एकटं इंजेक्शन यांपेक्षा दोन्ही मिळून गुण चांगला येतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. गंमत म्हणजे हा परजीवी उष्णतेलाही हळवा आहे. गाठीला ५० अंशांची ऊब अर्धा मिनिट देणारी यंत्रंही वापरतात. शरीराच्या गार कातडीत राहायची सवय लागलेला जीव. ऊन आणि थंडी, दोन्ही अति झालं की टिकत नाही. आणि मुख्य म्हणजे तो एका जागी बसलेला असतो. आपल्याच संरक्षक पेशींच्या पोटात शिरून, गाठीच्या आत. डॉक्टरला दिसतं तिथंच तो असतो. तिथं धूर सोडायचा.

दादाची गाठ भरली. पण गालावर पांढरा वाटोळा डाग राहिला, आणि त्या डागानं त्या गाठीपेक्षा जास्त त्रास दिला. आपल्या सावळ्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीला फार नाजूक असतात. उणे ४ ते ७ अंशांतच त्या मरतात. कातडीच्या इतर पेशींना मारायला उणे २० ते ३० लागतात. म्हणजे फोड बरा करण्याएवढी थंडी दिली की रंग गेलाच. बराचसा परत येतो, कधी कडेनं येतो, कधी येतच नाही. गोऱ्या लोकांच्या पुस्तकात हा एका ओळीचा दुष्परिणाम असतो. आमच्याकडे मुलगी बघायला गेल्यावर पहिल्याच चहाला ‘मुलाला कोड आहे का हो?’ हा प्रश्न येतो. काकू प्रत्येक घरी लष्करी इस्पितळाचा कागद घेऊन जायची. कागद इंग्रजीत. समोरचे लोक तो उलटसुलट बघून परत द्यायचे. लग्न शेवटी झालं, पण डाग मावळल्यावर. चेहऱ्यावर गॅस मारण्याआधी डॉक्टरनं पेशंटला हे नीट सांगितलं पाहिजे, असं मला फार वाटतं. सांगतात, पण ‘थोडा डाग राहील’ एवढंच. डाग कोणत्या रंगाचा राहील, ते कुणी बोलत नाही.

दुसरा प्रकार चालणारा होता.

ताईचं सासर वाळवा तालुक्यात. घराच्या वरच्या मजल्याचं काम निघालं होतं आणि दारात प्लास्टरसाठी वाळूचा ढीग पडला होता. पावसाळ्यात काम रखडलं. ढीग पोरांचा झाला आणि रात्री गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांचा. भाच्याच्या तळपायाच्या कडेला आधी एक पुरळ आलं. मग त्यातून एक लाल, उंचवटलेली रेघ निघाली, वळणं घेत. खाज अशी की पोरगं रात्री उठून पाय भिंतीला घासायचं. ताईनं संध्याकाळी रेघेच्या टोकाला बॉलपेननं ठिपका दिला. सकाळी रेघ ठिपक्याच्या पुढं गेलेली.

तिच्या सासूबाईंनी बघितलं आणि निकाल दिला, ‘नागीन हाय. तोंडाला शेपूट मिळायच्या आत उतरवून घ्या, न्हायतर काय खरं न्हाय.’ गेरू लावून झाला. खरं तर नागीण म्हणजे कांजण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूच्या वाटेनं अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठवतो, आग आग करतो, पण रोज उठून पुढं चालत नाही. आणि तोंड-शेपटीचं जे म्हणतात ते होत नसतं. पण सासूबाईंचंही काय चुकलं? नागासारखी रेघ पायावरून सरकतेय हे त्या डोळ्यांनी पाहत होत्या.

ती रेघ म्हणजे कुत्र्याच्या हूकवर्मची, म्हणजे आतड्यातल्या जंताची, अळी. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून अंडी ओलसर, सावलीतल्या वाळूत पडतात, आठवड्याभरात अळी तयार होते आणि उघडा पाय मिळाला की कातडीतून आत शिरते. माणसाचा स्वतःचा हूकवर्म असता तर कातडी ओलांडून रक्तातून फुप्फुसात आणि तिथून आतड्यात पोचला असता. कुत्र्याच्या या अळीला माणसाची कातडी पूर्ण ओलांडता येत नाही. वरच्या थराखालचा पडदा फोडण्याचं साधन तिच्याकडे नसतं. चुकीच्या घरात शिरलेली ही पाहुणी मग वरच्या थरातच बोगदा काढत हिंडते. दिवसाला काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. फ्लोरिडात १९२०च्या दशकात कर्बी-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अळी शोधून काढली. तिथं घरांच्या खाली सरपटत जाऊन नळ दुरुस्त करणाऱ्यांना ती व्हायची, म्हणून ‘प्लंबरची खाज’ असंही नाव पडलं होतं.

आम्ही सांगलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. मीही बरोबर होते. टेबलाच्या कडेला ती झारी ठेवलेलीच होती. ताईनं ती ओळखली, कारण तिची चामखीळ अशाच झारीनं गेली होती. ‘डॉक्टर, तो गॅस मारा की. एका फटक्यात जाईल.’

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मारते. पण कुठं मारू ते तुम्ही सांगा.’

ताईनं रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. बाईंनी मान हलवली. रेघ दिसते ती अळी जाऊन आलेल्या वाटेची, अंगानं तिच्यावर धरलेल्या रागाची. अळी टोकाच्या पुढं असते, कुठल्या दिशेला वळली असेल ते वरून कळत नाही. टोकाला धूर सोडला तर रिकामा बोगदा भाजून निघतो आणि पोराला तळपायावर फोड येतो, तोही चालायच्या जागी.

हा उपचार एके काळी खरोखर करत असत. थंडीनं कातडीचे रोग बरे करण्याची हौस जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात जेम्स अर्नॉट मीठ आणि बर्फाचं मिश्रण गाठींवर ठेवायचा. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइटनं द्रवरूप हवा वापरली, १९०७ मध्ये शिकागोच्या पुसीनं कार्बन डायऑक्साइडचा बर्फ. नायट्रोजन नंतर, १९५०च्या सुमारास. चालणाऱ्या रेघेवर इथाइल क्लोराइडचे फवारे मारले, कोरडा बर्फ दाबला, मग नायट्रोजन. पण या अळीनं तेही सोसलं. उणे २१ अंशांत ती पाच मिनिटांहून जास्त जगल्याची नोंद आहे. उणे २१ म्हणजे किती? उन्हाळ्यात अंगणात पॉट आइस्क्रीम फिरवताना बाहेरच्या बादलीत जो खडेमीठ घातलेला बर्फ असतो, तो फार तर तेवढाच थंड होऊ शकतो. पाच मिनिटं तळपायावर तो दाबून धरला तर पोरगं ओरडून घर डोक्यावर घेईल, अळी मात्र वाट चालत राहील.

मग पूर्वी ज्यांना या गारव्यानं गुण आला, ते कसे बरे झाले? काहींच्या बाबतीत नेम लागलाही असेल. पण बहुतेक अळ्या माणसाच्या कातडीत काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप मरतात. त्यांना पुढं वाट नसते. दोन-तीनदा गारवा मारला आणि तेवढ्यात अळीचे दिवस भरले तर श्रेय धुराला जातं. गेरूलाही असंच गेलं असतं. उतरवून देणाऱ्या बाबाला तर नारळ आणि सव्वाशे रुपये मिळाले असते.

बाईंनी आयव्हरमेक्टिन लिहून दिलं. वजन करून, किलोमागे २०० मायक्रोग्रॅमच्या हिशेबानं, एकच मात्रा. ते नसतं मिळालं तर अल्बेंडाझोल काही दिवस चाललं असतं, असंही म्हणाल्या. हे ऐकून भाचा पहिल्यांदा बोलला, ‘ती तर आमच्या शाळेत देतात, चघळायची!’ जंतनाशक दिनाची ४०० मिलिग्रॅमची गोळी त्याला चवीसकट पाठ होती. ताईचा चेहरा पडला. धूर नाही, सुई नाही, फोड नाही. पुडीत एवढीशी गोळी. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘फी मात्र पूर्ण घेतली.’

संध्याकाळी फोनवर तात्यांना औषधाचं नाव सांगितलं तर ते हसायलाच लागले. ‘अगं, हे तर मी म्हशींना टोचायचो. गोचिडावर.’ खरंच होतं. जपानमधल्या कावानाजवळच्या एका गोल्फ मैदानालगतच्या मातीतून सातोशी ओमुरांनी एक जिवाणू उचलला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातला गुण पारखला, आणि १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आधी आलं ते जनावरांसाठी. माणसांना मिळालं १९८७ पासून. दोघांना २०१५ साली नोबेल मिळालं. मधे कोरोनात याच गोळीनं गल्लोगल्ली भलतीच कीर्ती कमावली आणि तिचा काही संबंध नव्हता तिथंही ती गिळली गेली, तो भाग वेगळा.

म्हणजे तात्यांच्या मोटरसायकलवर दोन्ही गोष्टी असायच्या. एका बाजूला धुराचा कॅन, दुसऱ्या बाजूच्या कातडी बॅगेत ती बारकी बाटली. आम्ही पोरं कॅनभोवती गोळा व्हायचो. बाटलीकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज उतरली. रेघ थांबली, मग सुकली, मग तिची सालं निघाली. सासूबाईंचं म्हणणं होतं की गेरूनं आधीच जोर कमी केला होता. कुणी वाद घातला नाही.

वाळूचा ढीग मात्र तसाच होता आणि त्याबद्दल डॉक्टरीणबाईंकडे गोळी नव्हती. तात्या येऊन बघून गेले. आल्याआल्या त्यांनी काळी ताडपत्री आणायला लावली, कडेला विटा ठेवायला लावल्या आणि पोरांना चपला घातल्याशिवाय अंगणात उतरायचं नाही असा दम दिला. मग गल्लीतली कुत्री बघायला निघाले. हूकवर्मची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते आणि पिल्लांना तर हा जंत आईच्या दुधातूनच मिळतो. गल्लीतल्या कुत्र्यांना शिळी भाकरी सगळे घालतात, पण कुत्री कुणाचीच नाहीत. रेबीजची लस टोचायला कधीमधी कुणी येतं, जंताच्या गोळीला कोण येणार?

तात्या म्हणाले, भाकरीत घालून देऊ. पिल्लांना दोन-तीन आठवड्यांनी परत, मोठ्यांना दर तीन महिन्यांनी. सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, ‘आता कुत्र्यांची दवापानी बी आपुनच करायची व्हय?’

‘नातवाची करण्यापेक्षा स्वस्त पडतंय, ईणबाई,’ तात्या म्हणाले आणि अंदाजानं एकेका कुत्र्याचं वजन कागदावर लिहायला लागले. लंगडं तांबडं, पंधरा किलो. दुकानाखालची काळी, बारा, गाभण दिसते, तिचं वेगळं बघू. तालुक्याच्या मेडिकलवाल्यानं बिल कुणाच्या नावानं फाडू म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी गल्लीच्या नावानं फाड म्हणून सांगितलं. पैसे अजून कुणाकडूनच गोळा झालेले नाहीत.